डोकं हाय जी, पत्ताकोबी नोय

डॉक्टर रामटेके तुम्हाला पहिल्यांदा भेटले, तर ते तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत. ते बघतील तुमच्या डोक्याकडे. आधी समोरून, मग जरा वाकून बाजूनं, आणि तुम्ही पाठ फिरवलीत की मागून. बाजारात टरबूज घेणारा माणूस फळावर नजर ठेवून भाव विचारतो ना, तसे ते तुमच्या टाळूवर नजर ठेवून तुमची खुशाली विचारतात. आणि मग, ओळख धड झालेली नसताना, अगदी मायेनं म्हणतात, "डोकं देता का जी?"

मलाही असंच विचारलं होतं. मी तिरसट बाई आहे, माझ्या घरी कोणालाही विचारा. मी म्हटलं, "डॉक्टर, कॉलेजातल्या पोरांनी खाऊन काही उरलं, तर देते." ते हसले नाहीत. म्हणाले, "रविवारी आल्या तं बेस होईन. अर्धा घंटा लागते. दुखत नाई."

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हा काय नरबळीचा प्रकार.

मी वैशाली गभणे. भंडाऱ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पुण्याचे केळकर सर आणि मी, आम्ही दोघांनी मिळून एक काम अंगावर घेतलं होतं. मेंदूच्या एमआरआयचा फोटो बघून त्यात गाठ आहे की नाही, हे कॉम्प्युटरनं आपणहून सांगावं, एवढं ते काम. आपल्याकडे मशीन आलं, फोटो निघायला लागले. पण फोटो वाचणारे डॉक्टर बहुतेक नागपुरात. फोटो तिकडे जातो, रांगेत पडतो, आणि इकडे मोहाडीचा माणूस डोकं धरून ताटकळतो. कॉम्प्युटरनं नुसतं "हा आधी बघा" एवढं म्हटलं, तरी पुष्कळ झालं. पण त्याला हे शिकवायचं, तर आधी फोटो निवडून दाखवावे लागतात. हे गाठीचे, हे बिनगाठीचे. आणि निवडणार कोण? ज्याला कळतं तो.

ज्याला कळतं तो माणूस म्हणजे डॉक्टर रामटेके. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहायचे आणि हायवेवरच्या एका स्कॅन सेंटरात दुपारचे फोटो वाचायला यायचे. जन्म नाकाडोंगरीचा, वडील मॅंगनीजच्या खाणीत. उभा जन्म लोकांच्या डोक्यात बघण्यात गेला. रिपोर्ट लिहायचे ते कडक इस्त्रीच्या इंग्रजीत, आणि बोलायचे ते आमच्याकडच्या अस्सल झाडीबोलीत. ही दोन्ही एकाच माणसाची भाषा आहे, यावर केळकरांचा विश्वास बसायला फार वेळ लागला.

मला वाटलं होतं, सोपं काम आहे. आपण तांदूळ निवडतो तसं. खडा दिसला, तो बाजूला. दाणा दिसला, तो सुपात. पंधरवड्यात गठ्ठा हातात येईल आणि मी मोकळी.

कसलं काय! पहिल्या दिवशी डॉक्टर खुर्चीत बसले, चष्मा सदऱ्याला पुसला, पडद्यावर पहिला फोटो उघडला आणि म्हणाले, "या जी, बसा."

मी मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"कवापासून दुखते?" डॉक्टरांनी फोटोला विचारलं. "एवढे दिवस काहून नाई आले?"

फोटो काय बोलणार? पण डॉक्टर थांबले, ऐकून घेतल्यासारखी मान हलवली, आणि मग एकेक काप बघायला लागले. एमआरआयमध्ये मेंदूचे काप दिसतात, ब्रेडच्या लादीसारखे, एकामागे एक. वरून खाली झाले, बाजूनं झाले, समोरून झाले. शेवटी "बरं, येजा जी" म्हणून त्यांनी फोटो बंद केला. माझा चहा निवून त्यावर साय आली होती. एक डोकं झालं होतं.

"डॉक्टर, असं केलं तर सात जन्म लागतील आपल्याला," मी म्हटलं.

"लागू द्या ना. ज्याचं डोकं हाय त्याले घाई नाई, तुमाले काहून हाय?" मग माझ्याकडे वळून, जरा दुखावल्यासारखं, "डोकं हाय जी थे, पत्ताकोबी नोय."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं, की घरी खरीखुरी पत्ताकोबी चिरताना मला हसू फुटायचं. धुरकट फोटो घाईत घालू म्हटलं, की पत्ताकोबी. एका माणसाचे सगळे काप घेऊन गठ्ठा फुगवू म्हटलं, की पत्ताकोबी. केळकरांनी एकदा फोनवर सुचवलं, की एकाच माणसाचे अर्धे काप शिकवायला वापरू आणि अर्धे परीक्षेला. डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सर, फळ्यावर जे गनित सोडवलं, तेच पेपरात देता का तुमी? मंग तं पोरगं पास होईनच. पास होऊन करन काय थे?" केळकरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पण खरा घोळ झाला तो बिनगाठीच्या डोक्यांवरून. गाठीचे फोटो होते. बिनगाठीचेही सेंटरात ढीगभर होते. डॉक्टर म्हणाले, हे चालणार नाहीत.

"का नाही चालणार? गाठ नाही ना त्यांत?"

"गाठ नाई. पन डोकं दुखल्याबिगर इथं कोन येते सांगा? कोनाले झटके येते, कोनाले चक्कर येते. मशीनले बेस डोकं दाखवा ना एखांदं. बाजारात हिंडते तसं."

मी हात टेकले. सेंटरच्या मालकांनी रविवारी मशीन देऊ केलं, आम्ही रीतसर परवानग्या काढल्या, डोकं देणाऱ्याची संमती घ्यायची आणि फोटोवरचं नाव पुसून नुसता आकडा ठेवायचा असं ठरलं. आणि डॉक्टर डोकी गोळा करायला बाहेर पडले.

ते दिवस भंडारा विसरणार नाही. मोहाडीच्या बाजारात एका वांगेवालीला ते म्हणाले, "बाई, तुमचं डोकं फार सुंदर हाय." तिनं हातातलं तागडं खाली ठेवलं आणि शेजारणीला हाक मारली, "अवं, या बुढ्याले काय झालं पाय व!" मी मध्ये पडून सगळं समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "मंग सिदं सांगाव ना बाप्पा, डोकं पायजे म्हून!" आणि पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन खरंच आली. पण मशीनमध्ये धातू चालत नाही. गळ्यातली पोत काढा म्हटल्यावर बाई अडून बसली. नवरा जिताजागता समोर बसलेला असताना पोत कशी काढायची? सगळे समजावून थकले. डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी घाला ना जी गळ्यात." तो बिचारा काळ्या मण्यांची पोत गळ्यात घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, बाई बाहेर येईस्तोवर फोटोला बसल्यासारखा ताठ बसला होता. बाईचं डोकं एकदम बेस निघालं.

राईसमिलवाल्यानं आपल्या मेंदूचा फोटो मागून घेतला आणि दुकानात कॅलेंडरशेजारी टांगला. म्हणाला, "गिऱ्हाईक मनते तुले भेजा नाई. आता दाखवतो." झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करणारा एक नट आला, तो मशीनमध्ये पडल्या पडल्या मनातल्या मनात संवाद म्हणायला लागला. मनातल्या मनात म्हणे, पण भुवया आणि हनुवटी पुरत्या रंगात आलेल्या. फोटो सगळा हलला. डॉक्टरांनी त्याला तीन रविवार बोलावलं. मी म्हटलं, "सोडा ना डॉक्टर, दुसरं बघू." तर म्हणाले, "असं कसं सोडता? त्यानं आपल्या हातानं डोकं देल्लं."

नावं पुसलेली होती, पण डॉक्टरांना त्याचं काय! बाजूचा काप उघडला, की म्हणायचे, "हे नाक राईसमिलवाल्याचं. या शेठजी, बसा." मी ओरडायची, "डॉक्टर, ओळखायचं नसतं हो, म्हणून तर नाव काढलंय!" ते म्हणायचे, "नाव काढलं. नाक कोठी काढलं?"

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती बुद्धपौर्णिमेला. ज्यांनी ज्यांनी डोकं दिलं त्या सगळ्यांना त्यांनी शहापूरला खीर खायला बोलावलं होतं. स्वतः रांधलेली. वांगेवाली आली, राईसमिलवाले आले, खलनायकानं दोनदा वाढून घेतली. घर स्वच्छ, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, आणि भांडी सगळी एकेकट्या माणसाची. एक ताट, एक पेला. बाकीची शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. व्हरांड्यात हायवेकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि ट्रक बघत जेवायचं, असा त्यांचा रोजचा क्रम. केळकरांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणून फोटोंशी बोलत असतील." मला ते पटलं आणि अजिबात आवडलं नाही. मी दिवसभर केळकरांशी फोनवर धड बोलले नाही.

त्यानंतरच्याच एका रविवारी मीही डोकं दिलं. किती दिवस टाळणार? दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर सेंटरात गेले, तर डॉक्टर माझीच वाट बघत होते. मला शेजारी खुर्ची दिली, फोटो उघडला, आणि मला नाही, फोटोला म्हणाले, "या म्याडम, बसा!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "हे पाहा, इथून तुमी बोलता. म्हून एवढं मोठं हाय. हे इथून आयकता. हे जरासं लहान हाय." मी खोटं खोटं रागावले. ते लहान मुलासारखे हसले. एकेक काप दाखवत, चिडवत चिडवत शेवटपर्यंत आले आणि म्हणाले, "बेस डोकं हाय म्याडम. एक नंबर." आणि माझं डोकं बिनगाठीच्या फोल्डरात गेलं.

आता त्या फोल्डरांचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथंच आहे. डॉक्टर एका बोटानं टाइप करायचे आणि बोलतात तसंच इंग्रजी अक्षरांत लिहायचे. गाठ आहे, ते फोल्डर "हाय": एच ए आय. गाठ नाही, ते "नाई": एन ए आय. आणि ज्यांच्याबद्दल त्यांचं मन ठरत नव्हतं, त्यांचं तिसरं फोल्डर, "राहू". म्हणजे राहू द्या.

सगळं सामान पुण्याला गेलं. केळकरांचा फोन आला, "मॅडम, हे राहू काय आहे? पत्रिकेतला?" मी समजावलं. ते हसले, मीही हसले. बाकीच्या दोन फोल्डरांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मलाही वाटलं, त्यात विचारण्यासारखं काय आहे? हीच तर गंमत असते. ज्याचा अर्थ लागत नाही, ते माणूस विचारतो. ज्याचा भलताच अर्थ लागला, ते कशाला विचारेल?

हिवाळ्यात केळकर स्वतः भंडाऱ्याला आले, शिकून तयार झालेला प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये घेऊन. सेंटरच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. "गाठीवर तो लाल चौकोन काढतो," केळकर म्हणाले. "बिनगाठीचं एखादं डोकं देऊन बघू या."

मी राईसमिलवाल्याचं दिलं. कानावर लाल चौकोन. गाठ!

"असं कसं?" केळकर म्हणाले. दुसरं दिलं. वांगेवालीच्या टाळूवर चौकोन. खलनायकाच्या जिभेवर चौकोन. एकामागून एक, साऱ्या भंडाऱ्याच्या डोक्यात गाठ. केळकरांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. "यानं बिनगाठीचं डोकं जन्मात पाहिलेलं नसावं असं वागतोय हा," ते पुटपुटले.

"पाह्यलं नाई कसं?" डॉक्टर म्हणाले. "एवढं मोठं फोल्डर देल्लं ना. नाई."

"नाही? दिलं नाही?"

"देल्लं! नाई देल्लं!"

"डॉक्टर, दिलं की नाही दिलं?"

शेवटी मी पडद्यावर बोट ठेवलं. केळकरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे... एन ए आय? मला वाटलं, नॉट फॉर एआय. मशीनला दाखवायचं नाही असं. मी ते फोल्डर उघडलंच नाही. मला वाटलं, नॉर्मल फोटो तुम्ही मागाहून पाठवणार, तोवर गाठीच्या फोटोंतले बिनगाठीचे काप पुरतील."

मग डॉक्टर म्हणाले, "सर, नाई म्हंजे नाई!"

"नाई म्हणजे न्हावी ना?" केळकर कळवळून म्हणाले.

मग जे हसू सुटलं, ते आवरेना. डॉक्टर टेबलावर हात आपटत होते. डोळे पुसत होते. महिनोन् महिने घरोघर हिंडून, बाजारात बोलणी खाऊन, खीर रांधून गोळा केलेली बेस डोकी, आणि ती मशीननं बघितलीच नव्हती! रागवायला हवं होतं त्यांनी. पण ते म्हणाले, "आना, सगळ्याईची डोकी पाहू. कोनाले काय झालं थे तं कळू द्या." आणि एकेक फोटो उघडून, मशीननं काढलेला चौकोन बघून, त्या त्या माणसाशी बोलायला लागले. "शेठजी, तुमचा कान गेला जी!"

असं करता करता माझं डोकं आलं. लाल चौकोन बरोबर डाव्या डोळ्यावर. "म्याडम," डॉक्टर म्हणाले, "मशीन तुमच्या डोळ्याले गाठ मनून राहिली. एवढे वटारता म्हून..."

वाक्य तिथंच राहिलं.

त्यांनी पुढचा काप घेतला. मागचा घेतला. पुन्हा पुढचा. चष्मा काढला, पुसला, घातला. मला आधी वाटलं, थट्टाच चालली आहे. मग ते केळकरांना म्हणाले, "सर, बाहेर चहा बेस मिळते. घेऊन या ना जरा." केळकर समजूतदार माणूस, ते उठून गेले.

"म्याडम, चष्म्याचा नंबर कवा बदलला?"

"यंदा दोनदा बदलला. दिवसभर कॉम्प्युटर, दुसरं काय होणार?"

त्यांनी खिशातलं लाल शाईचं पेन काढलं, त्याचं टोपण माझ्यासमोर धरलं आणि तळहातानं माझा डावा डोळा झाकला. "कोनता रंग?"

"लाल."

मग उजवा झाकला. "आता?"

मी बघत राहिले. टोपण तेच होतं. पण लाल नव्हतं. जुन्या विटेसारखं, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं काहीतरी होतं.

"बसा," ते म्हणाले. मी बसलेलीच होते. "मशीन चुकली. चौकोन डोळ्यावर हाय, डोळ्याले काई नाई झालं. पन त्याच्या मांगं पाहा. हे. वाटान्याएवढी हाय. गाठ साधी दिसते, पसरनारी नाई. औषध टोचून परत फोटो काढू, मंग पक्कं कळन. पन जागा खराब हाय. डोळ्याच्या नसेले टेकून बसली. वाढली तं डोळा घेऊन जाईन."

आणि मी तिरसट बाई, मला सगळ्यात आधी काय यावं? राग आला. "मग तेव्हा? तेव्हा तुम्ही एक नंबर डोकं म्हणालात!"

त्यांना काहीही सांगता आलं असतं. औषध न टोचता काढलेल्या फोटोत एवढीशी गाठ पटकन दिसत नाही, हे नागपूरच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. किंवा गप्पच बसता आलं असतं. मशीन खोटं ठरलेलं होतं, तो फोटो पुन्हा कोणीही उघडला नसता.

ते म्हणाले, "माही चूक झाली. तवा म्या डोकं नाई पाह्यलं. तुमी बाजूले बसल्या होत्या ना, तुमाले पाहून राहिलो होतो. मले वाटलं, आपल्या मानसाच्या डोक्यात काय राह्यते? काईच नाई राहत." त्यांनी टोपण पेनाला परत लावलं. "बाहेरच्या मानसाचं असतं, तं दिसलं असतं मले."

मी रडले. भीतीनं रडले की आणखी कशानं, ते मला सांगता यायचं नाही. केळकर चहा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं मला आठवत नाही. औषध टोचून फोटो काढला, गाठ पक्की झाली. नागपूरला ऑपरेशन झालं. माझे यजमान गोंदियाला नोकरीला असतात, ते रजा टाकून आले. गाठ साधीच निघाली. चार-सहा महिने अजून गेले असते तर डोळा गेला असता, असं सर्जन म्हणाले. डॉक्टर रामटेके शहापूरहून बस धरून रोज यायचे आणि दवाखान्यातल्या ट्यूबलाइटला नावं ठेवायचे. पट्टी सुटली त्या दिवशी माझ्या सासूबाई समोर उभ्या होत्या. डाव्या डोळ्याला आधी दिसलं ते त्यांच्या कपाळावरचं कुंकू. लालबुंद! मी म्हटलं, "आई, तुमचं कुंकू किती लाल आहे हो." त्यांना वाटलं, मला अजून भुलीचं चढलेलं आहे.

आभार कोणाचे मानू? केळकरांचे मानते, की त्यांनी एन ए आयचा भलता अर्थ लावला. त्या अडाणी मशीनचे मानते, की त्यानं धडधडीत डोळ्याला गाठ म्हटलं. राईसमिलवाले, वांगेवाली, खलनायक, सगळ्यांचे मानते. त्यांच्या डोक्यांना हसता हसता माझ्यापर्यंत पाळी आली. पण सगळ्यात जास्त त्या माणसाचे मानते, ज्याला आपली चूक लपवणं एवढं सोपं असताना, तशी कल्पनाही शिवली नाही. मला दिसतं आहे ते त्यांच्यामुळे. हे लिहिते आहे ते दोन्ही डोळ्यांनी.

कामावर परतले तेव्हा माझा फोटो "नाई"मधून काढून "हाय"मध्ये टाकायचा होता. डॉक्टरांनी माऊसवर हात ठेवला आणि काढून घेतला. "तुमीच करा म्याडम." मी केलं. आता मशीननं दोन्ही फोल्डरं बघितली आहेत. अजून चुकतं, पण सगळ्या भंडाऱ्याला आजारी पाडत नाही. केळकरांनी फोल्डरांना शुद्ध इंग्रजी नावं दिली आहेत आणि डॉक्टरांनी ती वाचायला नकार दिला आहे.

मला आता दर वर्षी नागपूरला जाऊन फोटो काढावा लागतो. गाठ परत आली नाही ना, ते बघायला. दर वेळी भीती वाटते, खोटं कशाला बोलू? मागच्या खेपेला यजमानांना रजा मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, "मी येतो ना."

तिथं सगळे त्यांना ओळखतात. फोटो वाचणारे तिथले मोठे डॉक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. ते लगबगीनं बाहेर आले. "सर, इथं कुठं बसलात? आत चला. मॅडमचा फोटो आपण बरोबरच बघू."

"नाई," डॉक्टर म्हणाले. "तुमी पाहा. मले याईचं डोकं पाहता येत नाई. मी इथंच बसतो."

आणि बसले. भिंतीला लागून नातेवाइकांचा बाक होता, कोणाची आई, कोणाचा भाऊ, डबे, पाण्याच्या बाटल्या, त्या गर्दीत अंग चोरून. माझी पर्स आणि चष्मा त्यांच्याकडे देऊन मी कपडे बदलायला गेले. दार अर्धवट उघडं होतं. नवीन लागलेली एक सिस्टर बाहेर येऊन ओरडली, "वैशाली गभणे! पेशंटसोबत कोण आहे?"

"मी आहो जी," डॉक्टर चटकन उभे राहिले, हात वर करून.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

मला वाटलं, आता सांगतील, मी डॉक्टर आहे. तेवढं म्हटलं असतं, तर ती पोरगी शरमून बाजूला झाली असती. पण नाही. त्यांनी माझी पर्स या हातातून त्या हातात घेतली. इकडे तिकडे पाहिलं. सिस्टरनं पुन्हा विचारलं.

"घरचा," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "घरचा हाव जी मी."

"बरं, बसा मग काका," ती म्हणाली, आणि ते माझी पर्स मांडीवर घेऊन खाली बसले.